रात्रीचे बारा तास

(दृश्य: लक्सर. मावळतीची वेळ. नाईलवर शिडाची एक होडी.)

पूर्वेच्या काठावर कर्नाकची देवळं, वस्ती, बाजार. पश्चिमेला उघडाबोडका डोंगर, आणि डोंगराच्या पोटात थडगी. प्राचीन इजिप्तमध्ये मेलेल्या माणसांना ‘पश्चिमेकडचे लोक’ म्हणत. सूर्य रोज त्याच बाजूला जातो ना!

पण या थडग्यांच्या भिंतींवर सगळीकडे सूर्यच. जिथे उन्हाची तिरीपसुद्धा पोचत नाही, तिथे त्याचं काय काम?

इजिप्तचा सूर्यदेव अजर नव्हता. सकाळी तो खेप्री, नुकता जन्मलेला. माथ्यावर आला की रा. दिवस कलला की आतुम, थकलेला म्हातारा. मग तो मेलेल्यांच्या प्रदेशात उतरायचा आणि पहाटे पुन्हा कोवळा होऊन वर यायचा. म्हणजे मरून परत येण्याची वाट एकाला तरी ठाऊक होती. मेलेल्या राजाला हवी होती त्याच्याच होडीत जागा.

(दृश्य: वाळूवर शेणाचा गोळा ढकलणारा किडा.)

हा खेप्री म्हणजे आपला शेणकिडा. मागच्या पायांनी गोळा ढकलत नेतो, जमिनीत पुरतो. अशाच पुरलेल्या गोळ्यात मादी अंडं घालते आणि काही काळाने त्यातून नवा किडा बाहेर येतो. अंडं कोणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त गोळा, आणि त्यातून आपोआप उपजलेला जीव. ‘खेपेर’ या शब्दाचा अर्थच होणं, अस्तित्वात येणं. उगवत्या सूर्यासाठी सिंह किंवा गरुड निवडणं सोपं होतं. त्यांनी शेणात राबणारा किडा निवडला. मला यात त्यांची नजर दिसते: आधी नीट पाहिलं, मग देव केला.

(दृश्य: राजांची दरी. कड्याच्या कपारीत चढणारा जिना.)

थुटमोस तिसरा, इजिप्तचा राजा. मृत्यू इ.स.पू. १४२५च्या सुमाराचा. त्याचं थडगं कड्यात उंचावर, एका अरुंद कपारीत आहे. १८९८ साली व्हिक्टर लोरे या फ्रेंच संशोधकाने ते शोधलं.

दफनाची खोली लंबगोल आहे. छत निळं, त्यावर चांदण्या. भिंतींचा रंग पपायरसच्या जुन्या कागदासारखा पिवळट, आणि त्यावर काळ्या-लाल शाईत काढल्यासारख्या काटकुळ्या आकृत्या. एखादी भली मोठी गुंडाळी उलगडून खोलीभर चिकटवावी, तसं वाटतं. हा ग्रंथ म्हणजे आमदुआत, ‘पाताळात जे आहे ते’. रात्रीचे बारा तास, आणि प्रत्येक तासाचा वेगळा मुलूख.

होडीतला सूर्य इथे मेंढ्याच्या डोक्याचा आहे. सुरुवातीला पाणी आहे, सुपीक काठ आहेत. चौथ्या तासाला पाणी संपतं आणि वाळू लागते. होडीला दोर बांधून ओढत न्यावं लागतं. देवाची होडी, पण तीही रुतते!

सहाव्या तासाला, ऐन मध्यरात्री, सूर्य एका प्रेतापाशी पोचतो. ते मेलेल्यांचा देव ओसायरिस याचं, आणि सूर्याचं स्वतःचंही. दोघं एक होतात. रात्रीचा सगळा भार या भेटीवर आहे. उजेडाची पहिली ठिणगी पूर्वेच्या क्षितिजावर पडत नाही, ती इथे, सगळ्यात खोल काळोखात पडते. सातव्या तासाला अपोफिस हा महासर्प वाट अडवतो. आयसिस देवीची मंत्रविद्या कामी येते आणि होडी पुढे सरकते.

बाराव्या तासाला मात्र चित्रकाराने कमाल केली आहे. पुन्हा एक साप, पण हा शत्रू नाही. देवांचा ताफा होडीचा दोर धरून त्याच्या शेपटीतून आत शिरतो आणि तोंडातून बाहेर पडतो. आत जाताना सगळे जख्ख म्हातारे, बाहेर येताना लेकरं. काळ उलटा चालतो, म्हणून वाटही उलटी.

(दृश्य: रामसेस सहाव्याच्या थडग्याचं छत.)

जवळच्याच दुसऱ्या थडग्यात, सुमारे तीनशे वर्षांनंतर, हीच गोष्ट वेगळी सांगितली आहे. छतभर पसरलेली आकाशदेवी नूट, एकदा दिवसाची, एकदा रात्रीची, पाठीला पाठ लावून. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि सकाळी ती त्याला जन्म देते. मग खरं काय, सापाचं पोट की आईचं? हा प्रश्न आपला. त्यांना तो पडलेला दिसत नाही. अनेक शवपेट्यांच्या झाकणाला आतून नूट रंगवलेली असते. आत निजलेल्या माणसावर ती ओणवी, म्हणजे तो आधीच तिच्या पोटात.

(दृश्य: पुन्हा थुटमोसची खोली. कॅमेरा बाराव्या तासाच्या शेवटच्या कडेवर स्थिरावतो.)

इथे खेप्री बाहेर पडतोय. आणि खाली कडेला, पाताळाच्या वक्र भिंतीला टेकून, एक ममी उरली आहे. नव्या सूर्याला त्या देहाची गरज नाही. तो इथेच राहतो.

खोलीत लाल दगडाची शवपेटी आहे, रिकामी. राजाचा देह पुजाऱ्यांनी प्राचीन काळीच हलवला. आता तो नदीपलीकडे, कैरोच्या संग्रहालयात आहे.