१०६ क्रमांकाचं कार्ड

मंडळी, जुन्या बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंची चित्रं असलेल्या छोट्या कार्डांचा, विषय निघाला की पहिलं नाव येतं होनस वॅग्नर या खेळाडूचं. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या संचातलं ते कार्ड. २०२२ साली त्याची एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरला गेली. पण त्या संचात पाचशेच्या वर कार्डं आहेत, आणि तो जमवणारे बहुतेक जण वॅग्नरची जागा रिकामीच राहणार हे धरूनच सुरुवात करतात. म्हणून मी आज बोलणार आहे १९३३ च्या गाउडी संचाबद्दल. संच पूर्ण करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न इतक्या थेटपणे दुसऱ्या कुठल्या संचाने विचारल्याचं मला माहीत नाही.

बोस्टनची गाउडी गम कंपनी. अमेरिकेत महामंदी चाललेली. एका सेंटला एक पुडी मिळे; आत च्युइंग गम आणि जाड पुठ्ठ्यावर छापलेलं एक रंगीत कार्ड. कार्डाच्या मागे क्रमांक, खेळाडूची थोडी माहिती आणि एक ओळ: हे २४० कार्डांच्या मालिकेतलं एक. ही ओळ फार महत्त्वाची आहे. एकदा आकडा छापला की मुलाच्या हातातली चित्रं नुसती चित्रं राहत नाहीत. आपल्याकडे काय आहे याइतकंच काय नाही हेही त्याला कळू लागतं.

कंपनीला हे पक्कं ठाऊक होतं. कार्डं चोवीस-चोवीसच्या मोठ्या कागदांवर छापली जात, पण आकडे सलग नसत. मधले काही गाळून पुढचे आधी बाजारात येत. राहिलेले नंतरच्या छपाईत यायचे, तोवर पोरं पुड्या घेत राहायची. बेब रूथ या सर्वांत गाजलेल्या खेळाडूची तर एकाच संचात चार कार्डं: ५३, १४४, १४९ आणि १८१. आज संच जमवणाऱ्याचे सर्वांत जास्त पैसे त्यांच्यावर खर्च होतात, पण ती बाजारात येत राहतात. पैसे हवेत आणि थांबायची तयारी हवी, एवढंच.

१०६ क्रमांकाचं मात्र तसं नव्हतं. हंगाम संपला, सगळे कागद छापून झाले, तरी १०६ कुठल्याच पुडीत निघालं नाही. कारण ते छापलंच नव्हतं! कितीही पुड्या फोडल्या असत्या तरी संच २३९ च्या पुढे जाणार नव्हता. एक-एक सेंट जमवणाऱ्या मुलांच्या बाबतीत कंपनीने हे केलं. मला ते आजही अन्यायाचं वाटतं.

मुलांनी, आणि काही मोठ्यांनीही, कंपनीला पत्रं लिहिली. मग १९३४ मध्ये, त्या वर्षीच्या कार्डांच्या कागदावरच, १०६ छापलं गेलं. त्यावर खेळाडू निवडला नेपोलियन लाजोए. अव्वल लीगमधला शेवटचा हंगाम १९१६ सालीच खेळलेला, क्लीव्हलंडचा महान दुसऱ्या बेसचा खेळाडू. क्लीव्हलंडचा संघ एके काळी त्याच्या नावावरून ‘नॅप्स’ म्हणून ओळखला जाई. हे कार्ड पुडीतून कधीच विकलं गेलं नाही. ज्यांनी पत्र पाठवलं त्यांना ते टपालाने गेलं, कागदाला पेपर क्लिपने अडकवून. आज शिल्लक असलेल्या कित्येक प्रतींवर त्या पेपर क्लिपची खूण दिसते. एरवी अशी खूण म्हणजे दोष, कार्डाचा दर्जा ठरवताना गुण कापले जातात. लाजोएच्या कार्डावर मला ती खूण हवीच असते. ते कार्ड कुणा मुलाच्या पत्राला उत्तर म्हणून गेलं होतं, याचा तो पुरावा आहे.

जेफरसन बर्डिक या अमेरिकन कार्डसंग्राहकाचं नाव इथे घ्यायलाच हवं. कार्डांना आपण आज ज्या खुणेने ओळखतो, सिगारेटचा तो संच टी२०६ आणि गाउडीचा आर३१९, ती वर्गवारी त्याची. तीन लाखांच्या वर छापील चिटोरी त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. संधिवाताने हात आखडलेले असताना वर्षानुवर्षं तिथे बसून त्याने ती स्वतः वह्यांत चिकटवली आणि १९६३ मध्ये, काम संपल्यावर काही आठवड्यांतच, तो गेला. हो, चिकटवली, डिंकाने! आजचा संग्राहक हे ऐकून कळवळतो. पण बर्डिकला किमतीशी देणंघेणं नव्हतं. कुठलं कार्ड कुठल्या संचातलं हे पुढच्यांना कळावं, एवढीच त्याची धडपड होती.

आता मूळ प्रश्न. २३९ कार्डांवर थांबून संच पूर्ण झाला असं मानणारे बरेच आहेत. लाजोए फार महाग आहे, आणि पुड्यांतून निघाली ती कार्डं २३९ च, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. तरी माझं मत २४० च्या बाजूने आहे. कार्डामागे २४० छापलं होतं, आणि मुलांनी ते खरं करायला लावलं. लाजोए घेणं परवडणार नसेल तर अल्बममधली ती जागा रिकामी ठेवा, पण खाली १०६ हा आकडा जरूर लिहा.