गव्हावर ज्वारी

(दृश्य: संध्याकाळची गिरणी. डब्यांची रांग. पट्ट्याचा आवाज.)

गिरणीत दळण टाकताना एक वाक्य हमखास कानावर पडतं. "भाऊ, गव्हावर गहू टाका." आधी कुणाची बाजरी दळली असेल तर त्यावर लगेच आपला गहू नको, पोळ्या काळपट होतात. दगडांच्या फटीत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत आधीच्या धान्याचं मूठभर पीठ उरतंच, हे गिरणीवाल्यालाही ठाऊक असतं.

काही घरांतून मात्र उलटी विनवणी येते. गव्हावर ज्वारी टाकू नका. तिथे काळजी पोळीच्या रंगाची नसते.

(दृश्य: परात, कणकेचा गोळा, पाण्याचं पातेलं.)

कणकेचा लिंबाएवढा गोळा अर्धा तास पाण्यात ठेवा. मग पाण्यातच हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. तो स्टार्च. पाणी बदला, पुन्हा चोळा. शेवटी हातात उरतो करड्या रंगाचा, ओढला की रबरासारखा ताणला जाणारा लगदा. हाच ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्या शहरात बेक्कारी नावाच्या विद्वानाने असंच पीठ धुऊन तो वेगळा काढला. 1745 साली ते छापूनही आलं. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून चीक काढणाऱ्या बायकांना नेमकं उलटं हवं असतं. खाली बसलेला पांढरा साका ठेवायचा, चोथा गुरांना.

ग्लुटेन म्हणजे गव्हातली प्रथिनं, मुख्यतः दोन. ग्लायडिन ताणू देतं, ग्लुटेनिन पुन्हा मागे खेचतं. कोरड्या पिठात ती सुटी असतात. पाणी पडलं, मळणं सुरू झालं, की एकमेकांना धरून त्यांची जाळी होते. पुरणपोळीची कणीक तेल लावून तिंबतात ती या जाळीसाठीच. नाहीतर एवढं पुरण पोटात घेऊन ती पातळ लाटली जाईल कशी? जव आणि राय (मोहरी नव्हे, युरोपात ब्रेडसाठी वापरतात ते rye) या धान्यांतही याच जातीची प्रथिनं आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, मका यांत ती नाहीत. म्हणून भाकरीला गरम पाणी लागतं आणि थापणाऱ्या हाताची सवय लागते.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून दिसणारं आतड्याचं अस्तर.)

बहुतेकांना हा ग्लुटेन काही करत नाही. पण पचनरसांना तो पुरता तोडता येत नाही, त्याचे काही लांब तुकडे तसेच राहतात. काहींच्या शरीराची संरक्षण यंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःचंच लहान आतडं जायबंदी करते. आतड्याच्या आत मखमलीसारखे रसांकुर असतात, अन्न शोषून घेणारे. ते झिजून सपाट होतात. मग मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, सारखे जुलाब. मोठ्यांत कधी जुलाब नसतातच. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, हाडं ठिसूळ होतात, एवढंच. या आजाराचं नाव सिलिअॅक. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो. भारतात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तरेकडे शंभरात एकाहून थोडे जास्त, तर दक्षिणेकडे हजारात एक असं प्रमाण आढळलं. आजाराला पोषक जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच. ताटातला गहू मात्र उत्तरेत कितीतरी पट जास्त.

(दृश्य: युद्धकाळातलं नेदरलँड्स, जुनी कृष्णधवल चित्रं.)

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याआधी अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांचा आहार देत. मुलं सुधारत, आणि श्रेय केळ्यांना मिळे. गहू बंद झाला होता, याकडे लक्ष जाईना. डिके यांना 1930 च्या दशकापासूनच ब्रेडचा संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात देशात उपासमार पडली, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. त्या भुकेच्या दिवसांत सिलिअॅकची मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली डिके यांनी हे प्रबंधात मांडलं.

औषध आजही तेच आहे: गहू, जव, राय आयुष्यभर बंद. गोळी नाही. पण एक चूक सर्रास होते. इंटरनेटवर काही वाचून लोक आधी गहू सोडतात आणि मग तपासणीला जातात. तोवर रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे या लढाईत शरीराने तयार केलेली आणि तपासणीत शोधली जाणारी प्रथिनं, उतरलेली असतात, आतडं सावरू लागलेलं असतं, आणि अहवाल येतो 'नॉर्मल'. तपासणी गहू खात असतानाच करायची.

गव्हाची अॅलर्जी हा वेगळा आजार. आणि पोळी खाल्ली की पोट फुगतं, पण तपासण्या स्वच्छ, असेही लोक असतात. त्यांचा त्रास खरा असतो; पण ऑस्ट्रेलियात 37 जणांवर झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्लुटेन देऊनही विशेष फरक पडला नाही. गव्हातल्याच, आतड्यात आंबणाऱ्या शर्करांवर संशय जातो. राहिले वजन उतरवण्यासाठी महागडी 'ग्लुटेन-फ्री' बिस्किटं घेणारे. त्यांनी पाकिटावरची साखर एकदा वाचावी.

(दृश्य: स्वयंपाकघर. मसाल्याचा डबा.)

सिलिअॅकच्या घरात पोळी बंद करणं सोपं. लपलेला गहू शोधणं अवघड. थालीपिठाच्या भाजणीत तो असतो. वरणाच्या फोडणीतल्या हिंगातही असू शकतो, कारण बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. आणि खपली गहू? "खपली चालते हो," असं सांगणारे भेटतात. चालत नाही. खपली हाही गहूच.

(दृश्य: पुन्हा गिरणी.)

आता त्या मूठभर पिठाचा हिशेब. 'ग्लुटेन-फ्री' म्हणायचं तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. गव्हाच्या एका ग्रॅम पिठातच साधारण 80 मिलिग्रॅम असतं. म्हणजे किलोभर ज्वारीत पाव ग्रॅम कणीक, बोटांच्या चिमटीत मावेल एवढी, गेली की मर्यादा गाठली. गिरणीत उरतं ते मूठभर.

म्हणून अशा घरांत हप्त्यावर का होईना, घरघंटी येते. तिच्यात गहू कधीच पडत नाही. शेजारीण डबा घेऊन आली, "एवढं किलोभर दळून द्या ना," म्हणाली, तरी नाही.