मानेच्या टोकावरचा डोळा

(इंदूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, जिराफ म्हटला की बोलणे मानेवर येते. उंच झाडांचा पाला खाता यावा म्हणून मान लांब, हे आपण सगळे शाळेत शिकलो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या मानेच्या टोकाला तोंडाबरोबर डोळेही आहेत आणि मोठ्या जिराफाचे डोळे जमिनीपासून साडेचार-पाच मीटरवर असतात. राजवाड्यासमोरची गर्दी चौकात उभे राहून पाहणे वेगळे आणि वरच्या मजल्यावरून पाहणे वेगळे, हे इंदूरकरांना मी काय सांगावे!

सपाट मैदानात माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसते. पाच मीटर उंचीवरून पाहिले तर तेच आठ किलोमीटरवर जाते. आठ किलोमीटरवरचा सिंह ओळखू येतो असा याचा अर्थ नाही. खरा फायदा जवळचाच आहे: जे गवत झेब्र्याच्या नजरेआड सिंहाला लपवते, त्या गवतात जिराफ वरून पाहतो.

पण नुसत्या उंचीने भागत नाही, डोळाही तसाच लागतो. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत जिराफाचा डोळा सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक आहे. डोळा मोठा असला की दृष्टिपटलावर उमटणारी प्रतिमा मोठी होते आणि बारकावे टिपायला अधिक पेशी कामी येतात. हे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे मान न वळवताही बराचसा परिसर नजरेत राहतो. बाहुली आडवी, लांबट. घरी जाताना वाटेत शेळी दिसली तर जरा थांबून तिच्या डोळ्यांत पाहा, तशीच बाहुली दिसेल. जमिनीवरच्या २१४ प्रजातींच्या बाहुल्यांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. चरणाऱ्या आणि शिकार होणाऱ्या प्राण्यांत अशी आडवी बाहुली फार आढळते, असे त्यात दिसले. ती पुढचा, मागचा आणि बाजूचा उजेड जास्त घेते, डोक्यावरच्या उन्हाचा कमी. शेळ्या, मेंढ्या आणि घोडे चरायला मान खाली घालतात तेव्हा त्यांचे डोळे खोबणीत ५० अंशांहून अधिक फिरतात आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते! हे वाचले तेव्हा मी पुन्हा एकदा गोठ्यात जाऊन पाहिले.

आता मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. जिराफाच्या दृष्टिपटलावर चेतापेशी कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत, याचा नकाशा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळ्या मैदानातल्या प्राण्यांत असतो तसा एक आडवा दाट पट्टा त्यात आहे. तो क्षितिजासाठी. कानाकडच्या बाजूला आणखी दाट भाग आहे, तो समोरचे नीट पाहण्यासाठी. पण याखेरीज दाट पेशींचा एक विस्तार तिथून वरच्या बाजूला गेलेला आहे. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून दृष्टिपटलाचा वरचा भाग खालचे पाहतो. म्हणजे इतक्या उंचीवर गेलेल्या या डोळ्याने खाली पाहण्यासाठी वेगळी सोय ठेवली आहे. काट्यांमधून पाला ओढणारी हातभर जीभ, पायाशी उभे असलेले पिल्लू, सिंहाला लाथ मारणारे स्वतःचेच पुढचे पाय, हे सगळे त्याच्या खालच्या बाजूला असते. मान आणि डोळा एकमेकांना धरून घडत गेले, असे मी म्हणतो ते या नकाशाच्या आधारावर.

रंगांचे थोडक्यात सांगतो. खूर असलेल्या प्राण्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सहसा दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे लाल-हिरव्यातला फरक त्यांना आपल्याइतका कळत नाही. दृष्टिपटलामागे उजेड परतवणारा थर मात्र असतो. उज्जैन रोडला रात्री गाडीच्या दिव्यांत नीलगायीचे डोळे चमकतात ते त्याच थरामुळे. पापण्यांचे लांब, दाट केस काटे आणि धूळ अडवतात.

जिराफाचा सर्वांत जवळचा नातेवाईक ओकापी. तो काँगोच्या दाट जंगलात राहतो, जिथे दहा पावलांवरचे दिसत नाही. २०२१ मध्ये जिराफाच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा ओकापीशी तुलना करता जिराफाने वास घेण्याची बरीच जनुके गमावल्याचे आढळले. जमिनीवरचा वास जिराफाच्या उंच नाकापर्यंत पोहोचणार किती? नाकाची कसर डोळ्याने भरून काढली, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला आणि तो मला पटतो.

पाणी पिताना मात्र ही सारी मिळकत काही वेळ हातची जाते. पुढचे पाय फाकवून डोके पार खाली न्यावे लागते आणि सिंहाला नेमकी तीच वेळ साधायची असते. म्हणून जिराफ पिण्याआधी बराच वेळ उभा राहून चौफेर पाहून घेतो. त्याच्या या पाहण्यावर दुसरेही विसंबतात. झेब्र्यांचे निरीक्षण करणाऱ्यांनी २०१६ मध्ये नोंदवले की सोबत जिराफ असले की झेब्रे स्वतः मान वर करून पाहण्यात कमी वेळ घालवतात आणि जिराफांच्या वागण्यावरून धोक्याचा अंदाज घेतात.