तळ्यातली तीन फुलं आणि त्यांचं गणगोत

नमस्कार मंडळी. बीजधारी वनस्पतींचं वर्गीकरण असा विषय ठरलाय, पण मी सुरुवात तळ्यापासून करणार आहे.

तीन फुलं डोळ्यापुढे आणा. एक आपलं कमळ. दुसरी वॉटर लिली, जिला आपण कुमुद म्हणतो, बागेतल्या हौदात हमखास असते. तिसरी कासच्या पठारापलीकडे कुमुदिनीचं तळं आहे ना, तिथली पांढरी, पाकळ्यांना झालर असलेली छोटी कुमुदिनी. तिन्हींची मुळं चिखलात, पानं गोल, फुलं पाण्यावर, आणि नावं पण एकमेकांत मिसळलेली. कुणालाही विचारा, म्हणेल एकाच घरातली आहेत, मोठी बहीण धाकटी बहीण.

तर नाहीयेत! आणि नुसतं नाहीत असं नाही, सपुष्प वनस्पतींचा वंशवृक्ष काढला तर तिघी तीन टोकांना बसतात.

थोडं मागे जाऊ. बी धरणाऱ्या वनस्पतींचे दोन मोठे गट, हे शाळेत शिकलोय आपण. बी उघडं असेल तर अनावृत्तबीजी, म्हणजे सायकस, देवदार, पाइन, गिंको वगैरे, सगळे मिळून साधारण हजारभर जाती. बी फळाच्या आत झाकलेलं असेल तर आवृत्तबीजी, म्हणजेच सपुष्प वनस्पती, त्यांच्या जाती तीन लाखांच्या आसपास. एवढी तफावत! म्हणजे डोळ्यांना दिसणारी जवळजवळ सगळी हिरवाई या दुसऱ्या गटाची. आता हे तीन लाख लावायचे कसे, कुणाशेजारी कोण, हा खरा प्रश्न.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्यानं 1753 साली वर्गवारीसाठी पुंकेसर मोजले. कमळात भरपूर, वॉटर लिलीत भरपूर, म्हणून त्यानं कमळाला वॉटर लिलीच्याच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, टाकलं. कुमुदिनीत मात्र पाचच पुंकेसर, त्यामुळे ती वेगळी पडली, म्हणजे तीनातलं एक त्याला नुसत्या मोजण्यावरून बरोबर जमलं, मला याचं फार कौतुक वाटतं. पुढे बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1862 ते 1883 एवढी वर्षं घालवून जो मोठा ग्रंथ केला, ज्याच्या क्रमानं आपल्याकडच्या कॉलेजांतून पिढ्या शिकल्या, त्यातही कमळ वॉटर लिलीच्याच कुळात होतं. आणि गंमत म्हणजे त्यांनी अनावृत्तबीजींना द्विबीजपत्री (बीत दोन दलं असणाऱ्या) आणि एकबीजपत्री (एकच दल असणाऱ्या) यांच्या मधोमध बसवलं होतं.

मग डीएनए वाचता यायला लागला, जगभरचे अभ्यासक एकत्र आले आणि 1998 मध्ये एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप, हे त्या अभ्यासकांच्या गटाचं नाव) नावाची नवी मांडणी आली, तिची चौथी आवृत्ती 2016 ची. तीत दिसलं काय, तर न्यू कॅलेडोनिया बेटावरचं अँबोरेला नावाचं झुडूप सगळ्यात आधी वेगळं झालं, आणि त्याच्या पाठोपाठ वॉटर लिलीचा गट. म्हणजे ती हौदातली लिली फार जुन्या फांदीवरची आहे, एकबीजपत्री-द्विबीजपत्री ही वाटणी तिला लागूच पडत नाही.

कमळाचे नातेवाईक निघाले काश्मीरचा चिनार आणि पाचगणीला रस्त्याकडेला उभे असतात ते सिल्वर ओक. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटेना. पण परागकण सूक्ष्मदर्शकाखाली बघा, कमळाच्या परागकणाला तीन चिरा आहेत, खऱ्या द्विबीजपत्रींची ही खूण, वॉटर लिलीत ती नाही. आणि कुमुदिनी? तिच्या पाकळ्या बुडाशी जुळून नळी झालेली असते, ती सूर्यफुलाच्या गणातली, म्हणजे कुळांच्या त्याच मोठ्या गटातली. पाण्यात राहायचं म्हटल्यावर तिघींना सारखंच रूप सोयीचं पडलं, एवढंच.

द्विबीजपत्री हा शब्दही आता पूर्वीसारखा राहिला नाही बरं का. मिरी, दालचिनी, जायफळ, विड्याचं पान, सीताफळ, सोनचाफा, या सगळ्यांच्या बीला दोन दलं आहेत, पण ही खऱ्या द्विबीजपत्रींच्या बाहेरची, स्वतंत्र फांदी आहे. अर्धा कोकणच त्या फांदीवर बसलाय म्हणा ना.

आणि सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात नीटमची वेल दिसली तर थांबा. पान रुंद, शिरांची जाळी, कुणीही सपुष्प वनस्पती म्हणेल. बी मात्र उघडं. अभ्यासकांना कितीतरी वर्षं वाटायचं हीच फुलझाडांची जवळची नातलग असणार, डीएनएनं तिला पाइन-देवदारांच्या बाजूला नेऊन ठेवलं.

आता शेवटचं, बीकडे येतो, कारण हे सगळं घरी बघता येतं. मखाणे म्हणजे कमळाच्या बिया असं दुकानदार सांगतात, ते चूक आहे. मखाणा वॉटर लिलीच्या कुळातला, त्याच्या बीत गर्भाबाहेर पिठूळ साठा असतो, तोच फुटून लाहीसारखा फुलतो. कमळाची बी फोडा, आत दोन जाडजूड पांढरी दलं आणि मधे हिरवागार कोंब, लाही होण्यासारखं त्यात काही नाही. पण कवच इतकं घट्ट, की ईशान्य चीनमध्ये सुकलेल्या तळ्याच्या गाळातून काढलेली सुमारे 1,300 वर्षं जुनी बी रुजली होती! तुम्ही पूजेच्या दुकानातून कमळगट्टा आणा, न भाजलेला, एका टोकाला पॉलिश पेपरवर घासा, आतला पांढरा भाग दिसेपर्यंतच, आणि ग्लासभर पाण्यात टाकून ठेवा, पाणी रोज बदला. बी चांगली असली तर साधारण आठवडाभरात तो हिरवा कोंब बाहेर येतो.