हार्ट फेल्युअरमध्ये किडनी का बिघडते

नमस्कार मंडळी. मला विषय दिला होता हृदय आणि आहार, पण मी तो मुद्दाम बदलून मागितला, कारण आपल्या इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, इकडची जी आपली मराठी घरं माझ्याकडे येतात त्यांच्यातलं कोणी ना कोणी फाईल उघडायच्या आधीच सांगतं की डॉक्टरसाहेब, हार्टच्या गोळ्यांनी ह्यांची किडनी खराब झाली म्हणून आम्ही त्या बंद केल्या. हे ऐकलं की फार वाईट वाटतं. प्रेमापोटीच केलेलं असतं, पण बरेचदा उलटंच होऊन बसतं.

आधी रक्ताचा हिशोब बघू. दोन्ही किडन्या मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, शरीराच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. आणि हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं, त्यातलं एक लिटर किंवा थोडं जास्तच ह्या दोघींकडे जातं. एवढं रक्त त्यांना स्वतःला जगायला लागत नाही, ते लागतं गाळायला. दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं आणि उरलेल्या दीड-दोन लिटरची लघवी होते.

आता हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे बरं का, हा गैरसमज फार आहे. त्याचा जोर कमी पडतो, एवढंच. जोर कमी पडला की शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं आणि जिथली कपात चालू शकेल तिथे करतं, त्यात किडनीचा नंबर वरचा. १९४६ साली अमेरिकेत मेरिल नावाच्या डॉक्टरांनी पेशंटमध्ये हे मोजून दाखवलं, हृदयातून बाहेर पडणारं रक्त जेवढं घटलं होतं त्यापेक्षा किडनीकडे जाणारं कितीतरी जास्त घटलेलं होतं. किडनीला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, मग ती रेनिन नावाचं रसायन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन नावाचं दुसरं तयार होतं, आणि मीठ-पाणी धरून ठेवायचं काम सुरू होतं, खरं तर पाणी आधीच जास्त झालेलं असतं तरी. हेच अँजिओटेन्सिन गाळणीतून बाहेर जाणारी बारीक नळी आवळतं, म्हणजे आतलं प्रेशर टिकतं आणि रक्त कमी येऊनसुद्धा गाळणं बराच काळ चालू राहतं. म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी गाळायला लागली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ, नॉर्मल दिसतं आणि आपण निर्धास्त राहतो.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं मात्र डॉक्टर लोकसुद्धा कित्येक वर्षं नीट धरून नव्हते. रक्त किडनीत येतं हे ठीक, पण ते बाहेर पण पडायला हवं ना? हृदयाची उजवी बाजू भरून राहिली की मागे शिरांमध्ये, म्हणजे रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या नळ्यांमध्ये, प्रेशर चढतं आणि ते थेट किडनीच्या शिरेपर्यंत पोचतं. मोरीचं तोंड तुंबलं की वरून नळ कितीही सोडा, पाणी पुढे सरकत नाही, तसंच. साधी वजाबाकी करा: धमनीतलं सरासरी प्रेशर ९० आणि शिरेतलं ५, तर रक्त ढकलायला ८५ मिळाले. पेशंटमध्ये तेच ७० आणि २० झालं की उरले फक्त ५०. वर किडनीभोवती घट्ट आवरण असतं, तिला फुगायला जागा नाही, मग सूज आतल्या आत दाबते. विंटन नावाच्या संशोधकांनी १९३१ मध्ये कुत्र्याच्या वेगळ्या काढलेल्या किडनीवर दाखवलं होतं की शिरेतलं प्रेशर वाढवलं की लघवी घटते, पण ते मागे पडलं. २००९ मध्ये अमेरिकेत ॲडमिट झालेल्या १४५ पेशंटचा अभ्यास आला, त्यात किडनी कोणाची बिघडणार हे हृदय किती रक्त फेकतंय त्यापेक्षा शिरांमध्ये प्रेशर किती साचलंय त्यावरून जास्त कळत होतं.

असेच एक काका आले होते. क्रिएटिनिन १.२ वरून २.१, घरच्यांनी घाबरून लघवीची गोळी बंद केलेली. मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून काढला तर खड्डा तसाच राहिला, आणि बसलेले असताना मानेची शीर कानाच्या पाळीपर्यंत फुगलेली. म्हणजे आत पाणी साचलेलं होतं, किडनी त्यात दबून गेली होती. आतड्यालाही सूज असते, गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून तेच औषध शिरेतून दिलं. सहा किलो पाणी उतरलं आणि क्रिएटिनिन १.४ वर आलं. ज्या औषधाला दोष दिला त्यानेच किडनी मोकळी केली. सगळ्यांचं असं होतंच असं नाही, पण मी हे इतक्या वेळा बघितलंय की रिपोर्टच्या आधी पाय आणि मान बघतो.

मग गोळ्यांनी क्रिएटिनिन वाढतच नाही का? वाढतं. रामिप्रिल, एनालाप्रिल ह्या हार्टच्या गोळ्या अँजिओटेन्सिन कमी करून ती आवळलेली बाहेरची नळी सैल करतात, गाळणीतलं प्रेशर थोडं उतरतं आणि आकडा थोडा चढतो. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, पोटॅशियम ठीक असेल तर, आम्ही सहसा चालवून घेतो, कारण ह्या गोळ्या आयुष्य वाढवतात. डापाग्लिफ्लोझिन ह्या हार्टच्याच दुसऱ्या गोळीचं पण तसंच, सुरुवातीला गाळण्यात किंचित घसरण आणि पुढे किडनीची झीज हळू.

खरी भीती बाळगा ती पेनकिलरची. रक्त आत आणणारी नळी उघडी ठेवायला किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्याच रसायनावर अवलंबून असते, आणि हार्ट फेल्युअरमध्ये तर फारच; ह्या पेनकिलर तेच बनू देत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून मावशी मेडिकलवरून डायक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन आणतात, ती नळी आवळते, रक्त घटतं, मीठ-पाणी साचतं. लघवीची गोळी आणि प्रेशरची गोळी चालू असताना तर अजिबात नको, कशासाठी का असेना, आधी विचारा.

मिठाबद्दल इंदूरमध्ये बोलणं म्हणजे अवघडच, पोह्यांवर शेव नाही तर पोहे कसले, हे मला पण कळतं. पण शेव, नमकीन, पापड, लोणचं ह्यातलं मीठ मोजलं जात नाही आणि पाणी त्याच्या मागेच येतं. रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर सूज दिसायची वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा.

आणि ह्याच्या उलट पण होतं, तेही सांगायला हवं. मे महिन्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या, खाणं-पिणं बंद, उभं राहिलं की चक्कर, वजन भराभर उतरतंय, तर तेव्हा किडनी खरोखरच कोरडी पडलेली असते आणि त्याच गोळ्या तेव्हा त्रास देऊ शकतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, कुठली गोळी थांबवायची, कुठली चालू ठेवायची, आणि थांबवलेली परत कधी सुरू करायची हे पण त्याच फोनवर लिहून घ्या, कारण थांबवलेली गोळी परत सुरू करायची राहून जाते आणि महिन्याभराने पेशंट सुजून येतो.