याहून लवकर मात नाही, हे सिद्ध करताना

मित्रहो, ‘पांढऱ्याने अमुक चालींत मात करावी’ असे बुद्धिबळाचे कोडे सुटले की आपण समाधानाने पट आवरतो. पण सापडलेली मात आठ चालींची असेल, तर ती सातांत होत नव्हती हे तोवर कोणी दाखवलेले नसते. आठ चालींचा मार्ग सापडणे हा एक पुरावा झाला आणि सातांचा मार्ग मुळात नाहीच हा दुसरा. आज मला या दुसऱ्याविषयी बोलायचे आहे, कारण सोडवणाऱ्यांकडून बहुधा तोच राहून जातो.

एक अगदी लहान स्थिती डोळ्यांसमोर आणा. पांढरा राजा एफ६ वर (अक्षर उभ्या रांगेचे, आकडा आडव्या रांगेचा), पांढरा हत्ती ए१ वर, काळ्याचा एकटा राजा एच८ च्या कोपऱ्यात आणि चाल पांढऱ्याची. पांढऱ्याने राजा एफ७ वर नेला की काळ्याला एच७ हे एकच घर उरते, आणि मग हत्ती एच१ वर येऊन मात करतो. दोन चालींत मात होते, हे इथे सिद्ध झाले. एका चालीत का होत नाही? मात करायची तर शह द्यावाच लागतो, आणि इथे शह देणाऱ्या चाली दोनच आहेत: हत्ती ए८ वर गेला तर काळा राजा एच७ वर निसटतो, एच१ वर आला तर तो जी८ वर सरकतो. पांढऱ्या राजाच्या कोणत्याही चालीने शह बसत नाही. दुसरा पुरावाही पूर्ण झाला. राजा जी६ वर नेऊनही दोन चालींतच मात होते, हे काहींच्या लक्षात आले असेल. कोडे रचणाऱ्याला पहिली चाल एकमेव हवी असल्याने त्याच्या दृष्टीने तो दोषच, पण आपल्या प्रश्नाला त्याने बाध येत नाही.

या दोन पुराव्यांची घडण एकमेकांच्या उलट आहे. मात होते हे दाखवताना पांढऱ्याची एकेक चाल निवडून काळ्याच्या प्रत्येक उत्तराचा बंदोबस्त करायचा असतो. होत नाही हे दाखवताना पांढऱ्याची नियमात बसणारी प्रत्येक चाल घेऊन तिच्यावर काळ्याचा एक पुरेसा बचाव दाखवायचा असतो. सापडलेला मार्ग शहांचा असेल, तर काळ्याला दर वेळी एकदोनच उत्तरे असतात आणि पहिला पुरावा वहीच्या पानावर मावतो. दुसऱ्यात मात्र शह न देणाऱ्या शांत चालीही, शेवटची चाल वगळता, सोडून चालत नाही, आणि फसगत तिथेच होते. मी एकदा ओळीने सात शहांची मात शोधून निश्चिंत झालो होतो. तिसऱ्या चालीला शह न देता उंट नुसता एक घर मागे घेतला की सहांत काम होते, हे दुसऱ्या एका सोडवणाऱ्याने दाखवले.

संगणकावरच्या इंजिनाने, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामने, ‘आठांत मात’ असे सांगितले, तरी मात आठांहून लांबत नाही एवढेच त्यातून हाती येते. वेगासाठी ते चालींच्या निष्फळ वाटणाऱ्या फांद्या न तपासताच छाटते; त्यातला एक ठोकताळा असा, की पाळी सोडण्यापेक्षा कोणती तरी चाल करणे बरेच असते. अवघड कोड्यांत पुष्कळदा याच्या नेमके उलट घडते: काळ्याचा बचाव भक्कम असतो आणि चाल करणे भाग पडते म्हणूनच तो ढासळतो. पुरावा हवा असेल, तर अशी छाटणी बंद ठेवावी लागते. तपासलेल्या स्थितींची नोंद ठेवली की श्रम वाचतात, पण ‘मात नाही’ एवढेच न लिहिता ती किती चालींपर्यंत नाही हेही लिहावे लागते, कारण पाचांपर्यंतचा नकार सहांना लागू होत नाही.

सोंगट्या थोड्या असतील, तर उलट दिशेने येता येते. आधी मात झालेल्या सगळ्या स्थिती मांडायच्या, मग त्यांच्याआधीच्या एका चालीच्या, मग दोन चालींच्या. एखादी स्थिती आठव्या फेरीत प्रथम सापडली, याचाच अर्थ ती सातव्या फेरीपर्यंत नव्हती. राजांसह सात सोंगट्यांपर्यंतची अशी कोष्टके मॉस्को विद्यापीठातील लोमोनोसोव महासंगणकावर २०१२ मध्ये पूर्ण झाली. त्यांत सर्वात लांबची मात ५४९ चालींची निघाली. ती ५४८ चालींत होत नाही, हे वेगळे सिद्ध करावे लागले नाही.