कार्लो खानची स्वारी

५ डिसेंबर १७८३. लंडनच्या ब्रूटन स्ट्रीटवरचा प्रकाशक टॉमस कॉर्नेल एक नवं व्यंगचित्र बाजारात आणतो.

चित्रात हत्ती आहे, पण तोंड माणसाचं, माजी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचं. पागोटं बांधून, मोगली थाटात त्यावर बसलाय 'कार्लो खान', म्हणजे परराष्ट्रमंत्री चार्ल्स जेम्स फॉक्स. पुढे तुतारी फुंकत चाललाय फॉक्सचा साथी खासदार एडमंड बर्क. स्वारी निघालीय लेडनहॉल स्ट्रीटला, थेट ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात.

आता निशाण नीट पाहा. 'जनतेचा माणूस' हे फॉक्सचं बिरुद त्यावर चक्क खोडलंय आणि तिथं ग्रीक अक्षरांत लिहिलंय, 'राजांचा राजा'.

मराठ्यांशी आणि हैदर अलीशी लढता लढता कंपनी कर्जात बुडाली होती. सालबाईचा तह होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. कंपनीचा कारभार सात आयुक्तांकडे सोपवायचा, असं फॉक्सचं विधेयक. आयुक्त मात्र सगळे फॉक्स आणि नॉर्थच्याच गोटातले! म्हणजे हिंदुस्थानातल्या नेमणुकांची किल्ली कुणाच्या कमरेला, हे सांगायला नको. शिवाय अमेरिकेच्या युद्धावरून ज्या नॉर्थवर फॉक्सनं वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं, आज त्याच्याशीच हातमिळवणी करून तो सरकारात आहे, आणि चित्रात त्याच्याच पाठीवर बसलाय.

चित्रकार जेम्स सेयर्स मूळचा वकील, फॉक्सचा प्रतिस्पर्धी धाकटा विल्यम पिट याच्या बाजूचा. खरं सांगायचं तर त्या काळचा नामांकित व्यंगचित्रकार गिलरे याची सफाई त्याच्या हातात नाही. पण टोला वर्मी बसला.

८ डिसेंबरला हाऊस ऑफ कॉमन्सनं विधेयक २०८ विरुद्ध १०२ मतांनी मंजूर केलं. फॉक्सनं हत्तीवरून साखर वाटायचीच काय ती बाकी होती. तेवढ्यात राजा तिसऱ्या जॉर्जनं लॉर्ड टेंपलकरवी उमरावांना निरोप धाडला: विधेयकाला मत देईल, तो माझा शत्रू. १७ तारखेला उमरावांच्या सभागृहात, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, विधेयक ९५ विरुद्ध ७६ मतांनी पडलं. दुसऱ्याच रात्री सरकार बरखास्त, आणि २४ वर्षांचा पिट पंतप्रधान.

सरकार घालवलं राजानं. तरी संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपलं जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात. भाषण कळायला वर्तमानपत्र वाचावं लागे. चित्र दुकानाच्या काचेतून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट दिसे.

पिट उपकार विसरला नाही. सेयर्सला पुढे कोर्ट ऑफ एक्स्चेकरमध्ये मार्शलचं पद मिळालं. आणि १७८४ मध्ये पिटनं स्वतःच कायदा करून कंपनीच्या डोक्यावर सरकारी नियंत्रण मंडळ आणून बसवलं.